नाकाला झोंबतंय ते पिकाचं आहे

उकिरडा उपसायला घेतला की पहिल्या फावड्याला काही होत नाही. वरचा थर उन्हाने पापडासारखा वाळलेला असतो. त्यात चिंध्या, शाम्पूच्या पुड्या, एखादी तुटकी चप्पल. दुसऱ्या-तिसऱ्या फावड्याला आतलं गरम शेण उघडं पडतं, वाफ उठते आणि नाकातून सरळ डोळ्यांत जाते. आमची थोरली काकू अशा वेळी पदराचं टोक दातांत धरायची, डोळे मिटायची आणि तशीच म्हणायची, "यंदा खत जोरात हाय गं." घरात सगळ्यांचीच ती समजूत. वास जेवढा उग्र, तेवढं खत कसदार. मीही कितीतरी वर्षं तेच धरून चालले होते.

काकूचं अर्धं बरोबर होतं. कस होता म्हणूनच वास येत होता. पण जो नाकात शिरत होता तोच कस होता, आणि तो शेताकडे न जाता वाऱ्यावर निघाला होता.

तो वास अमोनियाचा. गल्लीत कल्हईवाला बसलेला ज्यांनी पाहिलाय त्यांना तो नवा नाही. तापलेल्या पातेल्यात नवसागराची चिमूट पडली की पांढरा धूर उठायचा आणि नाक झोंबायचं, ते याच घराण्यातलं. गंमत अशी की जुन्या काळी इजिप्तमध्ये नवसागर काढत तोच मुळी शेणाच्या गोवऱ्या जाळून धरलेल्या काजळीतून. म्हणजे शेणात ही चीज आहे हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ती धरून ठेवायची अक्कल मात्र आपण उकिरड्यापाशी गहाण टाकली.

अमोनिया म्हणजे नत्र आणि हायड्रोजन. नत्र म्हणजे ज्याच्यासाठी आपण जून-जुलैमध्ये खताच्या दुकानासमोर रांग लावतो ते. जनावराच्या मुतात युरिया असतो. गोण्यांत येतो तोच, वेगळा कुठला नाही. शेणात आणि गोठ्याच्या मातीत राहणाऱ्या जिवाणूंकडे युरिएज नावाचं एक विकर असतं. जनावराच्या खुराखाली मूत आणि शेण एकदा कालवलं गेलं की हे विकर युरियाला फोडायला घेतं, आणि उन्हाळ्याच्या दिवसांत काही तासांत त्याचा अमोनिया करून ठेवतं. सकाळी गोठ्याचं दार उघडल्यावर जो भपकारा येतो तो रात्रभर झालेल्या या कामाचा. पुढे तेच सगळं पाटीत भरून उकिरड्यावर जातं. तिथे ढीग तापतो, आतली उष्णता ६० अंशांच्या पुढेही जाते, सामू आठाच्या वर चढतो. गरम आणि क्षारयुक्त अशा जागी अमोनिया द्रवात थांबत नाही, वायू होऊन निघून जातो.

हिशेब बोटांवर होण्यासारखा आहे. पाठ्यपुस्तकं गुरांच्या मुतात १ टक्क्याच्या आसपास नत्र सांगतात. आपली कडब्यावर जगणारी जनावरं बघून मी अर्धाच धरते. दिवसाला ७ लिटर मूत धरलं तर ३५ ग्रॅम नत्र, वर्षाला पावणेतेरा किलो. दावणीला दोन जनावरं असली तर साडेपंचवीस किलो. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात नत्र असतं ४६ टक्के, म्हणजे २१ किलोला थोडं कमी. याचा अर्थ दोन जनावरांमागे वर्षाला सव्वा पोतं युरिया नुसत्या मुतातून मिळतो. शेणातलं नत्र वेगळंच. यातलं बरंचसं गोठ्याच्या जमिनीवरच जातं. जे उकिरड्यावर पोहोचतं त्याचंही कुजता कुजता किती उडतं याची मोजमापं जगभर झाली आहेत, आणि आकडे पाचव्या हिश्शापासून निम्म्याच्याही वर जातात. ढीग कसा रचलाय, त्यात काय मिसळलंय, वर काही झाकलंय का, यावर ते ठरतं.

आता कुणी म्हणेल, सव्वा पोत्यासाठी एवढा खटाटोप कशाला? पोतं मिळतं २६६ रुपये ५० पैशांना. बरोबर आहे, पण तेवढ्याला ते मिळतं कारण खऱ्या खर्चातला मोठा वाटा सरकार उचलतं. आणि ज्या आठवड्यात उसाला, मक्याला ते टाकायचं असतं नेमकं त्याच आठवड्यात ते तालुक्यात नसतं. असलं तर दुकानदार त्याच्यासोबत आपल्याला नको असलेली कसलीतरी बाटली गळ्यात मारतो. मागच्या वर्षी मी अशी एक बाटली घेऊन आले. ती अजून माळ्यावर आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. अलिबागजवळ थळला युरियाचा मोठा कारखाना आहे. तिथे हवेतलं नत्र ओढून घेतात, नैसर्गिक वायूतून हायड्रोजन काढतात आणि दोघांना प्रचंड दाबाखाली, चारशे-पाचशे अंशांवर एकत्र यायला भाग पाडतात. फ्रिट्झ हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये ही युक्ती दाखवली, १९१३ मध्ये तिचा पहिला कारखाना उभा राहिला, आणि आज अर्धं जग तिच्यावर जेवतं. त्यासाठी लागणाऱ्या वायूतला मोठा भाग आपण जहाजांनी बाहेरून आणतो. एवढा जाळ करून हवेतून ओढून काढलेलं नत्र आपण शेतात टाकतो, पिकातून ते वैरणीत येतं, वैरणीतून जनावरात, जनावरातून गोठ्यात. आणि तिथे, घरापासून पन्नास पावलांवर, आपण त्याला परत हवेत सोडून देतो. म्हणून हे लिहायला बसले.

माझं म्हणणं ज्यांना पटत नसेल त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवू नये, हळदीवर ठेवावा. वहीचा पांढरा कागद घ्या. पाण्यात चमचाभर हळद कालवून त्यात तो बुडवा आणि ओला असतानाच एका घमेल्याच्या आतल्या बाजूला चिकटवा. उकिरड्याचा वरचा वीतभर थर बाजूला करून ते घमेलं तिथे पालथं घाला आणि थोडा वेळ थांबा. अमोनिया हाही एक क्षारच. हळद आणि क्षार भेटले की तांबडा रंग येतो, घरोघरीचं कुंकू पूर्वी त्याच मेळातून व्हायचं. मी आमच्या उकिरड्यावर हे केलं तेव्हा उचललेल्या घमेल्यात कागदाच्या कडा विटकरी झाल्या होत्या, मधे तांबडे ढग. कागद उघड्यावर धरला तर थोड्या वेळाने रंग उतरून पुन्हा पिवळा पडायला लागतो, कारण कागदावरचा अमोनियाही उडून जातो. काकू शेजारी उभी होती. तिने कागदाकडे बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला तो हळदीच्या भावाचा. दुसरा मात्र कामाचा होता. "मग ह्ये थांबवायचं कसं?"

थांबवायचं म्हणजे सगळं थांबत नाही, हे आधीच सांगते. जिवंत ढीग थोडा तरी श्वास सोडणारच. पण बराचसा अमोनिया पहिल्या पंधरा-वीस दिवसांत, ढीग ऐन तापात असताना जातो. तेवढे दिवस सांभाळले की पुढचं बरंच सोपं होतं. आणि सांभाळण्याची सुरुवात उकिरड्यावर नाही, गोठ्यात होते.

मूत पडलं त्याच जागी ते शोषलं गेलं पाहिजे. जनावराच्या मागच्या पायांखाली रात्री पाचटाची कुट्टी, भुसकट, गव्हाचं काड, काहीही कोरडं पसरा. शेंगांची टरफलं चालतात, करवतीचा भुसा चालतो, कडब्याचं सरमाड चालतं. काहीच नसेल तर कोरडी माती. यामागचं कारण असं. ढिगातल्या जिवाणूंना स्वतःचं शरीर बांधायला नत्र लागतं आणि जगायला कर्ब लागतो. एक भाग नत्रामागे पंचवीस-तीस भाग कर्ब मिळाला तर ते दोन्ही खाऊन टाकतात आणि नत्र स्वतःच्या अंगात अडकवून ठेवतात. शेणात मूत मिसळलं की कर्ब कमी पडतो, नत्र उरतं, आणि उरलेलं जातं हवेत. जेवणावळीत भाकरी संपली आणि कालवण उरलं तर ते जसं वाया जातं तसंच.

भाकरी कुठून आणायची हे तर विचारूच नका. आमची वाडी नीरा उजव्या कालव्याच्या शेपटाकडे आहे. ऊसतोड झाली की रात्री बांधाबांधावर पाचट पेटलेलं दिसतं. हेक्टरी आठ-दहा टन पाचट पडतं, आणि पाचटात एका भाग नत्रामागे शंभराच्या आसपास भाग कर्ब असतो. म्हणजे उकिरड्याला जे हवं ते आपण शेतात जाळतो, आणि ते न मिळाल्यामुळे उकिरड्यातलं नत्र हवेत जातं. एकाच गावात, एकाच महिन्यात, दोन्ही टोकांनी धूर. विदर्भ-मराठवाड्यात पाचटाच्या जागी पऱ्हाट्या आणि तुराट्या घ्या. त्या जाड असतात, कुट्टी करावी लागते हे खरं. पण कडबाकुट्टीचं यंत्र आता बऱ्याच गोठ्यांत आहे. ते वर्षातून चार दिवस या कामाला लावायला हरकत नाही.

हे सगळं नवं आहे असं समजू नका. अल्बर्ट हॉवर्ड इंदूरच्या वनस्पती संशोधन संस्थेत होते तेव्हा, १९२४ ते १९३१ या काळात, त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी याच प्रश्नाशी झटापट केली. होळकरांच्या इंदुरात, तुमच्याआमच्यासारख्याच गोठ्यात. त्यांनी गोठ्याची जमीन सिमेंटची केली नाही. ती मातीचीच ठेवली, वर शेतातला पालापाचोळा अंथरला, आणि मूत मुरलेली माती दर काही महिन्यांनी खणून काढून ढिगात घालायची पद्धत बसवली. त्या मातीला ते खजिन्यासारखं जपत. दोघांनी मिळून १९३१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं आणि इंदूर पद्धत जगभर गेली. वाड यांचं नाव मात्र आपल्याकडे शेतीच्या पदवीधरालासुद्धा सांगून पटवावं लागतं.

इंदूर पद्धतीत एक खोट होती. ढीग दोन-तीन वेळा वरखाली करावा लागे, आणि प्रत्येक पलटणीला आतला अमोनिया मोकळा होतो. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत आचार्य यांनी १९३९ च्या सुमारास त्याला पर्याय काढला. त्यांचा खड्डा सुरुवातीला थोडे दिवस उघडा राहायचा, मग मातीने लिंपून बंद, पलटणं नाहीच. आणि मग आपले पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, नाडेप काका. विटांची टाकी, १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, भिंतींना हवेसाठी भोकं. थरावर थर पालापाचोळ्याचे, त्यावर शेणकाला, त्यावर माती. सगळ्यात वर शेणमातीचा जाड लेप, झोपडीच्या छपरासारखा उतरता. चौदाशे-पंधराशे किलो काडीकचऱ्याला शेण लागतं जेमतेम शंभर किलो. शेणाला त्यांनी विरजणाची जागा दिली. घट्ट दही लावायचं तर दूध भरपूर आणि विरजण चमचाभर, हे आपल्या आयांना शिकवावं लागत नाही. उकिरड्यावर मात्र आपण नुसत्या विरजणाचाच ढीग लावतो.

त्या लेपाकडे परत एकदा बघा. भेगा पडल्या की काका तो पुन्हा लिंपायला सांगत. आतून वर येणारा अमोनिया ओल्या मातीत आणि शेणात अडकतो, जिवाणू त्याला तिथेच पचवतात. टाकी बांधायला पैसे नसले तरी साध्या ढिगावर हे करता येतं. नवीन शेण-मूत टाकलं की वर चार बोटं जुनं कुजलेलं खत पसरायचं. नुसत्या मातीपेक्षा ते सरस, कारण त्यात अमोनिया खाणाऱ्या जिवाणूंचं आयतं बिऱ्हाड असतं. मग वर पाचटाचं पांघरूण. खतावर ताडपत्री आवळून बांधायचा मोह मात्र टाळा. हवा पूर्ण कोंडली की आत मिथेन तयार होतो. हवा अर्धवट मिळाली की नायट्रस ऑक्साईड, आणि तो कार्बन डायऑक्साईडपेक्षा अडीचशे पटींहून अधिक तापवणारा वायू. अमोनिया वाचवायच्या नादात हे पाप नको. ओल किती हवी ते मुठीने ठरतं. खत मुठीत दाबलं की हात ओला व्हावा, पण बोटांतून पाणी ठिबकू नये.

आणि चुना नको. हे मी मोठ्याने सांगते, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. माशा झाल्या, वास आला, पाहुणे यायचेत, टाका उकिरड्यावर चुना. चुना म्हणजे क्षार. अमोनियाला बाहेर पडायला तो दार उघडून देतो. शाळेच्या प्रयोगशाळेत अमोनिया तयार करायचा तर नवसागर आणि चुना एकत्र करून तापवतात. आपण तोच प्रयोग उकिरड्यावर करतो, फक्त मोठ्या प्रमाणावर आणि नळी न लावता. चुलीतली राख ढीगभर ओतणंही त्याच जातीचं. हॉवर्ड-वाड राख वापरत, पण मोजून. पांढरं काही टाकायचंच असेल तर जिप्सम टाका. दिसायला चुन्याच्या जवळचा, पण स्वभाव उलटा. तो अमोनियाला गंधकाच्या जोडीने बांधून अमोनियम सल्फेट करून ठेवतो. सिंगल सुपर फॉस्फेटही तेच करतं आणि स्फुरदही देतं. गोठा झाडताना ओल्या जागेवर मूठ-दोन मुठी भुरभुरली तरी पुरे. मात्र पाण्यात बसलेल्या, हवा नसलेल्या खड्ड्यात जिप्सम टाकला तर सडक्या अंड्यांचा वास येईल. मग मला बोल लावू नका, खड्ड्यातलं पाणी काढा.

कोंबडीखताचा मामला याहून तिखट. कोंबडीला वेगळं मूत नसतं, तिचं बरंचसं नत्र त्या पांढऱ्या विष्ठेत युरिक आम्लाच्या रूपात असतं. कर्ब इतका कमी की ते एकट्याने कुजवणं म्हणजे नत्र पेटवून देणं. शेडमध्ये ओल वाढली की आतल्या कोंबड्यांचे डोळे सुजतात आणि त्यांच्यात काम करणाऱ्या पोरांचेही. कोंबडीखत घेणाऱ्यांनी ते भाताच्या तुसात, पाचटात, भुशात चांगलं मिसळून मगच रचावं. ट्रॉलीभर कोंबडीखत बांधावर ओतून महिनाभर उन्हात ठेवणाऱ्याने निदान शेजाऱ्याच्या घराचा वारा कुठून येतो तेवढं बघावं.

शेतात खत नेल्यावरची एक चूक आपण सगळेच करतो. वैशाखात ट्रॉल्या लागतात, रानभर लहान लहान ढीग पडतात, सुंदर दिसतात. मग ते पहिल्या पावसापर्यंत तसेच. अर्धकच्चं खत असेल तर पसरल्यावर एक-दोन दिवसांतच त्यातला मोकळा अमोनिया निघून जातो. पसरलेल्या खतावरून त्याच दिवशी कुळव फिरला पाहिजे. ट्रॅक्टर मिळत नसेल तर खत नेऊच नका, खड्ड्यातच झाकून राहू द्या. कच्च्या खताबरोबर हुमणीही रानात जाते, हे ऊसवाल्यांना मी काय सांगणार.

इथवर वाचून एखादी बाई मनातल्या मनात म्हणाली असेल, म्हणजे माझंच काम वाढलं. तिच्यासाठी हा परिच्छेद. गोठ्यात वाकतं कोण, पाटी डोक्यावर घेतं कोण, पाटीतून मानेवर ओघळणारं पुसतं कोण, आणि ही वाफ सगळ्यात जवळून कुणाच्या छातीत जाते, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. म्हणून आवाहन घरातल्या पुरुषांना आहे. कुट्टी करून ठेवणं, कोरड्या पाचटाची थप्पी गोठ्याच्या आत हाताशी येईल अशी लावणं, ढिगावर लेप देणं, ही तुमची कामं. गोठा झाडणाऱ्या बाईच्या वाट्याला फक्त दोन पाट्या पसरणं यावं, आणि त्याच्या बदल्यात सकाळी डोळे चुरचुरू नयेत. कोरड्या अंथरुणावर बसलेल्या म्हशीची कास धुवायला कमी वेळ लागतो, हे मी माझ्या हाताने अनुभवलंय.

सरकारकडे मागायचं तर पुष्कळ आहे, पण जे मिळालंय त्याचं काय झालं तेही बघूया. रोजगार हमीतून पक्का गोठा मिळतो तेव्हा आराखड्यात २५० लिटरचं मूत्रसंचय टाकं असतं. नाडेप टाकीसाठीही पैसे मिळतात. आमच्याकडे असे काही गोठे झाले. एका टाक्यात गेल्या पावसाळ्यात कांदे होते, एकात कोंबडीची पिलं वाढली, एकावर फरशी टाकून चहाचा ओटा झालाय. टाकं बांधलं पण त्यातलं मूत दर दोन दिवसांनी कोरड्या ढिगावर ओतायचं असतं, एवढं एक वाक्य कुणी सांगितलं नाही. उघड्या टाक्यात साठवलेलं मूत म्हणजे अमोनियाची फॅक्टरी. त्याला झाकण हवं आणि ते वेळेवर ढिगात मुरायला हवं. ग्रामसेवक असाल, कृषी सहायक असाल, दूध संस्थेचे सचिव असाल तर हे वाक्य पुढच्या बैठकीत बोला. दूध संस्थांनी पशुखाद्याबरोबर जिप्समची पिशवी ठेवावी. ग्रामपंचायतीने पाचट जाळण्याविरुद्ध फलक लावण्याऐवजी ऊस तुटल्यावर कुट्टीयंत्र वाडीवस्तीवर फिरवावं.

शहरातल्या वाचकाला हा गावचा प्रश्न वाटू नये. हवेत गेलेला अमोनिया तिथेच थांबत नाही. गाड्यांच्या आणि कोळशाच्या धुरातल्या आम्लांशी त्याची गाठ पडली की त्यातून बारीक कण बनतात, फुप्फुसात खोलवर जाणारे. गंगेच्या खोऱ्यावर अमोनियाचा मोठा पट्टा उपग्रहांना दिसतो. २००९ मध्ये देशात हवेच्या गुणवत्तेची जी मानकं ठरली त्यातल्या बारा प्रदूषकांच्या यादीत अमोनियाचं नाव आहे. नेदरलँड्समध्ये या नत्रावरून २०१९ मध्ये न्यायालयाचा निकाल आला आणि शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले. तिथली शेती वेगळी, जनावरांची दाटी वेगळी. आपल्यावर अजून कुणी बडगा उगारलेला नाही. आत्ता जे करू ते आपल्या फायद्यासाठी करू, दंडाच्या भीतीने नाही, हे मला बरं वाटतं.

आपल्याकडे म्हणतात, बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो. दिवाळीत आपण उकिरड्यावर पणती लावतो ती उगाच नाही, पीक कुठून येतं ते आजी-पणजीला ठाऊक होतं. पण पणती एक दिवसाची, आणि बारा वर्षं थांबायला वेळ कुणाला आहे?

चैत्र लागलाय. वैशाखात खड्डे उपसले जातील, ट्रॉल्या रानात जातील, आणि वर्षातून एकदाच येते ती संधी येईल: खड्डा रिकामा असेल. रिकाम्या खड्ड्याच्या तळाशी गुडघाभर पाचट, त्यावर रोजचं शेण-मूत आणि कोरडं कुट्टीचं पांघरूण, ही सुरुवात तेव्हाच करता येते. भरलेल्या उकिरड्यावर नंतर काही केलं तरी ते ठिगळच.

आम्ही वाडीत ठरवलंय. अक्षय्य तृतीयेला सकाळी आठच्या आत, ऊन चढायच्या आधी, सोळा घरांच्या सोळा उकिरड्यांवर हळदीचे कागद लावलेली घमेली पालथी घालायची. कागद वाळवून त्यावर घराचं नाव आणि रंग किती चढला ते पेन्सिलीने लिहून मारुतीच्या देवळात दोरीवर टांगायचे. नवे खड्डे भरल्यावर पोळ्याला पुन्हा तेच करायचं, आणि दोन्ही ओळी शेजारी शेजारी ठेवायच्या. शाळेतल्या पोरांनी कागद बुडवायचं काम घेतलंय, काकूने हळद द्यायचं. महाग आहे म्हणून कुरकुरत, पण देणार आहे.

तुमच्या गावात हे करणार असाल तर तारीख ठरवून टाका. घमेलं आणि फावडं ज्याचं त्याने आणावं.